वाचकांचे प्रश्न : हातातला जीपीएस आणि सह्याद्रीतली वाट

जूनचा पहिला पाऊस पडला की डोंगरवाटांविषयीची पत्रे या सदराकडे वाढू लागतात. या वेळी त्यांतील बहुतेक पत्रे हातात धरून वापरायच्या जीपीएस यंत्राविषयी होती. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही सहा जण खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर गेलो. मंदिराचे अक्षांश-रेखांश मी घरीच यंत्रात भरून ठेवले होते. कातळटप्पा चढून वर आलो तेव्हा धुके इतके दाट होते की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. यंत्रात मंदिर निवडून मी बाणाच्या दिशेने निघालो. थोड्याच वेळात वाट सुटली, आम्ही कारवीत शिरलो आणि शेवटी एका घळीच्या तोंडाशी येऊन थांबलो. बाण मात्र घळीच्या पलीकडे रोखलेलाच होता. दोष यंत्रात होता की माझ्या वापरण्यात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : यंत्राने आपले काम चोख केले होते, पण आपण त्याला जे विचारले ते आपल्याला हवे असलेल्या गोष्टीपेक्षा वेगळे होते. एखादे ठिकाण निवडून ‘गो टू’ ही आज्ञा दिली की यंत्र आपण उभे असलेली जागा आणि ते ठिकाण यांच्यामध्ये एक सरळ रेषा कल्पिते आणि त्या रेषेची दिशा बाणाने दाखवते. त्या रेषेवर कडा आहे की घळ, कारवी आहे की ओढा, हे त्याला ठाऊक नसते. यंत्राला ठिकाण कळते, वाट कळत नाही. समुद्रावर किंवा वाळवंटात हा फरक फारसा जाणवत नाही, सह्याद्रीत मात्र तो जिवावर बेतू शकतो.

याचे कारण आपल्या डोंगरांच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांच्या झिजेतून आजचे उतार तयार झाले, म्हणून सह्याद्रीचा उतार सलग नसून पायऱ्या-पायऱ्यांचा असतो : उभा कातळ, त्याखाली झाडीचा पदर, पुन्हा उभा कातळ. जुन्या वाटा या कातळांना जेथे फट, नाळ (अरुंद घळ) किंवा सोंड (खाली उतरणारी धार) सापडली तेथूनच गेल्या आहेत आणि ती जागा गाठण्यासाठी त्या पदरावरून कधी कधी किलोमीटरभर आडव्या चालतात, प्रसंगी मुक्कामाच्या उलट दिशेनेही जातात. अशा वेळी बाण पाठीमागे रोखलेला असतो आणि तरीही वाट बरोबर असते. नवशिक्याचा धीर नेमका येथेच सुटतो.

म्हणून या यंत्रातल्या तीन गोष्टींतला फरक नीट समजून घ्यावा. पहिली खूण, जिला यंत्रात वेपॉइंट म्हणतात : एका जागेचे अक्षांश-रेखांश आणि तिचे नाव. दुसरा माग, म्हणजे ट्रॅक : आपण प्रत्यक्ष चाललो त्या पावलांची नोंद, जी यंत्र ठरावीक अंतराने किंवा वेळाने स्वतःच टिपत जाते. तिसरा मार्ग, म्हणजे रूट : आपण आधी आखलेल्या खुणांची माळ, जी यंत्र एकीकडून दुसरीकडे अशा क्रमाने दाखवते. आपल्याजवळ फक्त शेवटची खूण होती, माळ नव्हती.

ही माळ घरी बसून, समोच्च रेषांच्या नकाशावर करावी. प्रत्येक फाटा, खिंड, ओढ्याची ओलांडणी, कातळटप्प्याचा पायथा व माथा यांवर एकेक खूण ठेवावी आणि लागोपाठच्या दोन खुणा जोडणारी सरळ रेषा कोठेही दाट समोच्च रेषांना, म्हणजे कड्याला किंवा तीव्र उताराला, छेदत नाही ना, हे डोळ्यांनी तपासावे. छेदत असेल तर मध्ये आणखी एक खूण हवी. उघड्या सोंडेवर दोन खुणांमध्ये अर्धा किलोमीटर असला तरी चालते, पण धुक्याच्या पठारावर दोनशे मीटरसुद्धा मला जास्त वाटतात. हरिश्चंद्रगडासारख्या गडासाठी पंधरा ते वीस खुणा होतील. हे तासाभराचे काम आहे आणि ते टाळू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एका खुणेविषयी स्वतंत्रपणे लिहितो, कारण ती बहुतेक जण विसरतात. चढताना आपण नाळेतून किंवा कातळटप्प्यातून पठारावर बाहेर पडतो तेव्हा दमलेले असतो आणि समोरचे मोकळे मैदान पाहून पुढे चालू लागतो. उतरताना मात्र त्या विस्तीर्ण पठाराच्या कडेवर ते एकच अरुंद तोंड शोधावे लागते, आणि वरून पाहताना सगळ्या घळींची तोंडे सारखीच दिसतात. वेल्ह्याकडच्या एका घाटवाटेवर परतताना मला हे तोंड अवघ्या चाळीस मीटरांनी चुकले होते. माग पाहून मागे फिरेपर्यंत मी चुकीच्या घळीत दोन टप्पे उतरलो होतो आणि ओल्या कातळावरून पुन्हा वर चढणे हे त्या दिवसातले सर्वांत धोक्याचे काम ठरले. तेव्हापासून पठारावर पाय ठेवताच मी पहिल्यांदा थांबतो, तोंडावर एक खूण करतो, पठाराच्या बाजूला वीसेक पावलांवर दुसरी करतो आणि मग पाणी पितो. दोन खुणांमुळे केवळ तोंडाची जागाच नव्हे, तर त्यात शिरण्याची दिशाही नोंदली जाते.

वाट आणि बाण यांचे पटेनासे झाले तर नव्या दिशेने पुढे जाऊन पाहू नये. जेथे वाटेची खात्री होती त्या शेवटच्या जागेपर्यंत स्वतःच्या मागावरून परतावे. गुरांनी पाडलेल्या ढोरवाटा पहिल्या शंभर पावलांत खऱ्या वाटेसारख्याच मळलेल्या दिसतात आणि नंतर झुडपांत विरून जातात. मागाची रेषा आखलेल्या माळेपासून दूर सरकू लागली की ते पडद्यावर लगेच कळते आणि फाट्याची चूक पाच मिनिटांत सुधारता येते. आपण घळीच्या तोंडाशी थांबलात, हे फार चांगले केलेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून शाळेच्या मुलांना वर्षातून तीन-चार वेळा गडांवर नेतो. मोबाइलमध्ये जीपीएस असताना वेगळ्या यंत्रावर इतका खर्च करावा का? शिवाय डोंगरात रेंज नसते, मग जीपीएस चालतो कसा?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे व स्वतःच्या स्थानाचे संदेश पाठवत असतात. आपले यंत्र ते फक्त ऐकते आणि किमान चार उपग्रहांचे संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून आपली जागा काढते. यात मोबाइलच्या मनोऱ्याचा संबंध नाही. रेंज गेली की बंद पडतो तो इंटरनेटवरून येणारा नकाशा, आणि म्हणून लोकांना जीपीएसच बंद पडल्यासारखे वाटते. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला तर दरीच्या तळाशीही आपली जागा त्यावर उमटते.

आपल्या एकदिवसीय सहलींसाठी, ज्या राबत्या आणि परिचित वाटांवरून जातात, उतरवलेल्या नकाशाचा फोन आणि सोबत एक पॉवर बँक पुरेशी आहे. केवळ यासाठी यंत्र घ्या, असे मी म्हणणार नाही. मात्र दोन-तीन मुक्कामांच्या घाटवाटा, भर पावसातली चाल किंवा अनोळखी मुलूख असेल तर वेगळे यंत्र उपयोगी पडते. ओल्या बोटांनी आणि पाण्याच्या थेंबांनी फोनचा पडदा वेडावाकडा वागतो, यंत्राला मात्र बटणे असतात. त्याचा पडदा लख्ख उन्हात उलट अधिक स्पष्ट दिसतो. आयपीएक्स ७ दर्जाचे यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाट शोधण्याचे काम यंत्राकडे दिले की फोन बंद ठेवता येतो आणि ११२ क्रमांकावर मदत मागण्यासाठी त्याची बॅटरी शिल्लक राहते. मुले बरोबर असताना या गोष्टीला मी फार वजन देतो.

साधी यंत्रे दोन पेन्सिल सेलवर साधारण दिवसभर चालतात. पुन्हा चार्ज होणारे सेल वापरणार असाल तर यंत्रात सेलचा प्रकार तसा निवडावा. त्या सेलचा दाब १.२ व्होल्ट आणि साध्या अल्कलाइन सेलचा १.५ व्होल्ट असल्याने चुकीच्या निवडीत बॅटरीचा दर्शक खोटी पातळी दाखवतो. राखीव जोडी प्लॅस्टिकच्या डबीत, कोरडी ठेवावी.

प्रश्न : वडिलांनी जपून ठेवलेला भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा माझ्याकडे आहे. मैलाला एक इंच प्रमाणाचा तो नकाशा घेऊन मी आमच्या जवळच्या गडावरील सर्वेक्षणाच्या खांबापाशी यंत्राने अक्षांश-रेखांश घेतले. ते नकाशावर मांडले तर खूण खांबापासून शंभर मीटरहून जास्त बाजूला पडली. आणखी एक : एका मैत्रिणीने पाठवलेली जागा मी यंत्रात भरली, तर ती वीसेक किलोमीटर दूर निघाली. नकाशा चुकीचा, की यंत्र?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : आपली दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

पहिले कारण पृथ्वीच्या आकाराच्या मापाचे आहे. पृथ्वी पूर्ण गोल नाही. अक्षांश-रेखांश मांडण्यासाठी तिला चपट्या गोलाचा एक ठरीव आकार मानावा लागतो आणि तो आकार कोठे टेकवायचा हेही ठरवावे लागते. भारताचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण १८०२ मध्ये लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुरू केले, त्यांच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये भारतासाठी आकाराची जी मापे काढली त्यांवर आपले जुने नकाशे उभे आहेत. जीपीएस मात्र साऱ्या जगासाठी एकच आकार मानतो, ज्याला डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात. एकाच खांबाचे या दोन पद्धतींतील अक्षांश-रेखांश वेगवेगळे येतात आणि पश्चिम महाराष्ट्रात तो फरक जमिनीवर शंभर ते दीडशे मीटरच्या दरम्यान भरतो. आपल्याला आढळलेला फरक हाच आहे. त्या काळी साखळ्या आणि थिओडोलाइट (कोन मोजायचे यंत्र) घेऊन ज्यांनी हे खांब डोंगरमाथ्यावर नेऊन बसवले, त्यांच्या कामात उणे काढण्यासारखे यात काही नाही.

उपाय दोन आहेत. यंत्राच्या मांडणीत ‘मॅप डेटम’, म्हणजे मानलेल्या आकारांची, यादी असते, तीत भारतीय डेटम निवडून खांबापाशीच जुळणी तपासावी, आणि काम झाल्यावर आठवणीने ते पुन्हा डब्ल्यूजीएस ८४ वर आणावे, कारण चुकीच्या डेटमवर राहिलेले यंत्र पुढच्या वाटचालीत मुकाट्याने शंभर मीटरची चूक करत राहते. दुसरा उपाय मला अधिक पटतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने नागरिकांसाठी ‘ओपन सिरीज’ नकाशे काढले आणि ते डब्ल्यूजीएस ८४ वरच आधारलेले आहेत. १ : ५०,००० प्रमाणाचा असा नकाशा वाटचालीसाठी वापरावा आणि वडिलांचा नकाशा घरी जपावा. त्यावरच्या जुन्या पाऊलवाटा आणि वाड्यांची नावे नव्या नकाशांत पुष्कळदा सापडत नाहीत, तेवढ्यासाठी तो निघण्यापूर्वी उघडून पाहण्यासारखा आहे.

दुसरे कारण लेखनपद्धतीचे आहे, आणि ते अधिक धोक्याचे आहे. अक्षांश तीन प्रकारे लिहितात : अंश-मिनिटे-सेकंद, अंश व दशांश मिनिटे, किंवा नुसते दशांश अंश. १८ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांश पद्धतीत १८.५० अंश, १८.३० नव्हे. मैत्रिणीने १८ अंश ३० मिनिटे पाठवले असतील आणि आपण १८.३० भरले असेल, तर ०.२ अंशाची, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरची चूक होते. एखादा सोबती जखमी झाला आणि बचाव पथकाला जागा कळवायची वेळ आली तर अशी चूक किती महाग पडेल, याची कल्पना करावी. म्हणून गटातल्या सर्वांनी एकच पद्धत ठरवावी, मी दशांश अंशांची सुचवतो, आणि फोनवर सांगताना आकडे एकेक करून उच्चारावेत, पलीकडच्या माणसाकडून ते परत वाचून घ्यावेत आणि सोबत जवळच्या गावाचे, खिंडीचे किंवा ओढ्याचे नावही द्यावे. नाव आणि आकडे जुळले नाहीत तर ऐकणाऱ्याला चूक तेथेच कळते. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या बचाव समन्वय केंद्राशी संपर्क साधतानाही हीच शिस्त पाळावी.

प्रश्न : कळसूबाईच्या माथ्यावर माझ्या फोनमधील ऍपने १,५८५ मीटर उंची दाखवली, मित्राच्या यंत्राने १,६४० च्या वर. शिखराची उंची १,६४६ मीटर आहे. एवढी तफावत कशी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या फोनमधील ऍप बहुधा डब्ल्यूजीएस ८४ च्या काल्पनिक चपट्या गोलापासून उंची मोजते, समुद्रसपाटीपासून नव्हे. पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण सर्वत्र सारखे नसल्याने समुद्राची पातळी त्या काल्पनिक पृष्ठापासून कोठे वर तर कोठे खाली असते. जगातली सर्वांत खोल घसरण श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात, शंभर मीटरहून अधिक आहे, आणि तिचा परिणाम आपल्याकडेही पोचतो : पश्चिम महाराष्ट्रात ही घसरण साठ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे असे ऍप मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्राची उंची उणे साठच्या घरात दाखवेल. आपल्या वाचनात तेवढी भर घातली की आकडा शिखराच्या उंचीजवळ येतो. हातातली यंत्रे ही दुरुस्ती आतल्या आत करतात, काही ऍपमध्ये ती निवडावी लागते.

दुरुस्तीनंतरही उंचीचा आकडा आडव्या जागेपेक्षा कमी भरवशाचा असतो, कारण सारे उपग्रह आपल्या वरच असतात, पायाखालून मोजणारा एकही नसतो. वायुदाबावर उंची काढणारी यंत्रे अधिक स्थिर आकडे देतात, परंतु दाब एक मिलिबारने उतरला की ती आपल्याला सुमारे नऊ मीटर वर चढवून ठेवतात. पावसाळी हवेत रात्रीतून तीन-चार मिलिबारचा फरक सहज पडतो. सकाळी निघताना, ज्या गावाची उंची नकाशात दिली आहे तेथे ती यंत्रात भरून घ्यावी आणि दिवसात पुन्हा एखाद्या ज्ञात जागी तपासावी.

प्रश्न : सांदण दरीतून जाताना यंत्र ‘अचूकता ५ मीटर’ असे सांगत होते, पण घरी येऊन पाहिले तर आमचा माग दरीच्या भिंतीबाहेर, पठारावर उमटलेला. शिवाय एकूण अंतरही जास्त निघाले.
— एक वाचिका, अकोले

उत्तर : साम्रदच्या सांदण दरीत आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते. त्या पट्टीत मोजकेच उपग्रह सापडतात आणि बाकीचे संदेश कातळावर आपटून, वळसा घेऊन यंत्रापर्यंत येतात. संदेश प्रकाशाच्या वेगाने धावतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटर, तेव्हा त्या छोट्याशा वळशानेही जागा सरकते. यंत्र दाखवते तो अचूकतेचा आकडा म्हणजे त्याचा स्वतःचा अंदाज असतो, आणि आपटून आलेला संदेश त्याला ओळखता येईलच असे नाही. जागा अशी इकडेतिकडे उडत राहते, ते सारे तुकडे जोडून अंतर मोजले जाते आणि म्हणून ते वाढते. दरीत शिरण्यापूर्वी आणि बाहेर पडल्यावर उघड्यावर खूण करावी, मधल्या भागात डोळ्यांवर भिस्त ठेवावी. भीमाशंकरच्या ओल्या रानातही थोड्या प्रमाणात हेच घडते, कारण पानांवरचे पाणी संदेश शोषते.

एक सवय येथे सांगून ठेवतो. यंत्र गावातच, उघड्या अंगणात किंवा मैदानात सुरू करावे आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती तीस सेकंदांच्या संदेशात पाठवतो आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटे लागतात. बरेच दिवस बंद असलेले यंत्र झाडीत शिरल्यावर सुरू केले तर ही माहिती तुकड्यातुकड्यांनी मिळते आणि ते चाचपडत राहते. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या ‘गगन’ यंत्रणेकडून येणाऱ्या, जीपीएसच्या चुकांच्या दुरुस्त्याही बऱ्याच यंत्रांना घेता येतात. यंत्राच्या मांडणीत तो पर्याय अमेरिकी यंत्रणेच्या ‘वास’ या नावाने असतो आणि उघड्यावर तो सुरू ठेवण्यास हरकत नाही.

प्रश्न : वापरलेले जुने यंत्र स्वस्तात मिळाले. जागा बरोबर दाखवते, पण तारीख साधारण वीस वर्षांपूर्वीची. बिघडलेले आहे का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. जीपीएसचा मूळ संदेश आठवडे ० ते १०२३ एवढेच मोजतो आणि मग पुन्हा शून्यावर येतो. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये झाले. ज्यांच्या आतल्या प्रणालीत याची तजवीज नव्हती ती यंत्रे तेव्हापासून ७,१६८ दिवस मागची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर राहते, मागांच्या तारखा मात्र चुकीच्या नोंदल्या जातात. उत्पादकाने नवी प्रणाली दिली असेल तर ती भरून घ्यावी, नसेल तर वहीत तारीख लिहीत जावे.

प्रश्न : मी अमेरिकेत राहते. दिवाळीत घरी आल्यावर भावंडांबरोबर घाटवाटा करायच्या आहेत. माझ्या यंत्रातून रेंज नसतानाही उपग्रहामार्फत संदेश आणि मदतीची हाक पाठवता येते. ते आणू का?
— एक वाचिका, सिअॅटल

उत्तर : कृपया आणू नका. केवळ संदेश ऐकणारे जीपीएस यंत्र आणि उपग्रहाकडे संदेश पाठवणारे यंत्र यांत कायदा मोठा फरक करतो. दुसऱ्या प्रकारचे यंत्र भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर याच कारणावरून परदेशी प्रवाशावर कारवाई झाल्याची बातमी २०२४ च्या डिसेंबरमध्ये वृत्तपत्रांत आली होती. दोन्ही प्रकारची यंत्रे दिसायला इतकी सारखी असतात की साधे जीपीएस यंत्रही विमानप्रवासात आणायचे तर त्याची माहितीपुस्तिका सोबत ठेवावी, म्हणजे विचारणा झाली तर ते संदेश पाठवत नाही हे दाखवता येते. भावंडांपैकी कुणाकडे साधे यंत्र असेल तर तेच वापरणे सर्वांत सोपे. मदतीची सोय म्हणून आपली आखलेली वाट, मुक्काम आणि परतीची वेळ घरी व पायथ्याच्या गावात लिहून द्यावी.

प्रश्न : इंटरनेटवर शेकडो गडांचे तयार माग मिळतात. ते उतरवून घेतले तर स्वतः खुणा आखण्याची गरज काय? आणि गावातला वाटाड्या घेतला तर यंत्राची तरी काय गरज?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तयार माग म्हणजे कुणीतरी, कधीतरी, कोणत्या तरी ऋतूत चाललेली पावले. मार्चमध्ये कोरड्या ओढ्यातून नोंदलेला माग जुलैत पाण्याखाली असतो. एखाद्याने वाट चुकून केलेला फेराही त्या रेषेत तितक्याच ठळकपणे उमटतो आणि तो फेरा चुकीचा होता हे रेषा सांगत नाही. डोंगरही बदलतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. इर्शाळगडाचे त्यापूर्वीचे माग त्या वाडीतून जातात. आजही ते उतरवता येतात आणि ज्या घरांच्या अंगणातून ते जातात ती घरे आता तेथे नाहीत. असा माग पाहिला की मी नोंदीची तारीख आधी वाचतो. तारीख नसलेला माग मी वापरत नाही. त्याच वाटेचे वेगवेगळ्या लोकांचे तीन माग एकमेकांवर ठेवून, जेथे तिन्ही जुळतात तेवढाच भाग विश्वासाचा मानावा आणि जेथे ते फाटतात ती जागा नकाशावर नीट पाहून स्वतःची खूण करावी.

वाटाड्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : अनोळखी घाटवाटेवर वाटाड्या आणि यंत्र यांत एकच निवडायचे असेल तर वाटाड्या निवडावा. गेल्या पावसात कोणता कातळ सुटला, कोणत्या राहुटीत आता कुणी राहत नाही, कोणत्या झाडावर आग्या मोहोळ बसले आहे, हे त्याला ठाऊक असते आणि कोणत्याही नकाशात नसते. पण दोन्ही बरोबर असतील तर यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग तेव्हाच होतो. त्याच्यामागून चालताना माग सुरू ठेवावा आणि तो जेथे जेथे वाट बदलतो तेथे खूण करावी. त्या जागेला गावात काय म्हणतात ते त्याला विचारावे आणि खुणेला तेच नाव द्यावे, ‘पॉइंट १४’ असे नव्हे. आंब्याचा माळ, वाघजाई, पाण्याचा दांड ही नावे उच्चारली की दुसऱ्या दिवशी रस्ता विचारताना गावातला कोणीही माणूस मदत करू शकतो. बऱ्याच यंत्रांत देवनागरी लिहिता येत नाही, म्हणून नाव रोमन लिपीत भरावे आणि वहीत मराठीतून खुणेच्या क्रमांकासह लिहून ठेवावे, कारण ‘वाडा’ आणि ‘वडा’ रोमन लिपीत सारखेच दिसतात. त्याच्या दिवसाची मजुरी आधी ठरवून पूर्ण द्यावी, आणि वाट त्याच्या मालकीच्या रानातून किंवा देवराईतून जात असेल तर तो माग सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी त्याला विचारावे.

पाण्याची टाकी आणि झरे नोंदताना खुणेच्या नावापुढे महिना अवश्य लिहावा. ऑक्टोबरात काठोकाठ भरलेले टाके एप्रिलमध्ये कोरडे असू शकते, आणि बारमाही पाणी कोणते हे वाटाड्याला विचारून त्या खुणेला वेगळे चिन्ह द्यावे.